धारणीच्या रस्त्यावरचं दार

मला दम धरवत नाही. चहा पुरता उकळायच्या आत मी गाळून मोकळा होतो आणि बायको तो परत पातेल्यात ओतते. बत्तीस वर्षं आमचा संसार असाच चाललाय. असा माणूस निवृत्त झाल्यावर खरं तर घरच्यांना छळतो. मी मात्र अमरावतीच्या एका भंगारवाल्याकडून चाळीस वर्षांपूर्वीचा घरगुती संगणक उचलून आणला आणि आठ महिने त्याच्यापुढे डोकं फोडत बसलो. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

हाच संगणक का, याला कारण होतं. असाच एक अकोल्याला आमच्या शाळेत होता. त्याच्यावर शब्दांचे इंग्रजी खेळ चालायचे. पडद्यावर वाक्य येतं, तुम्ही कुठे उभे आहात ते सांगतं. तुम्ही ‘पूर्वेला जा’ किंवा ‘दोर उचल’ असं टाइप करता आणि पुढचं वाक्य येतं. ते पाहून माझ्या बाकावरच्या मित्रानं शंभर पानी वहीत स्वतःचा खेळ लिहिला, तोही मराठीत. धारणीच्या रस्त्यावर एसटी बंद पडते, खेळणारा खाली उतरतो आणि मेळघाटातून पायी अकोटला निघतो. मित्राचे वडील त्या भागात नोकरीला होते, त्यामुळे वाटा त्याच्या पायाखालच्या होत्या.

संगणकाला मराठी येत नव्हती. म्हणून वहीवरून मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो खेळ मी संगणकात भरला. अमरावतीला शाळांचं विज्ञान प्रदर्शन होतं. मित्र नेमका कावीळ होऊन घरी पडला. पाहुण्यांनी विचारलं, “कोणी केला हा?” मी म्हणालो, “मी.” पाठीवर थाप पडली, पेपरात फोटो आला. पहिल्या पडद्यावर खरं तर मित्राचं नाव होतं. संगणकात जागा पुरत नव्हती म्हणून ते मी आदल्याच दिवशी काढलं होतं.

बरा झाल्यावर त्यानं मला जाब विचारला नाही. वहीसुद्धा परत मागितली नाही. पुढे आम्ही एकमेकांच्या लग्नाला गेलो, मुलांच्या बारशाला जेवलो, दिवाळीला फोन करत राहिलो. मैत्री तुटली नाही, पण तिच्यात राम उरला नाही, आणि याचं मला वाईट वाटायचं. म्हणून ठरवलं की तो खेळ तशाच संगणकावर, या खेपेला मराठीत आणि त्याच्या नावानं करायचा. अकोल्याला न्यायचा आणि सांगून टाकायचं की खेळ तुझा होता, मी खोटं बोललो, माझं चुकलं. वाक्य एवढंच होतं, पण ते चाळीस वर्षं घशात अडकलं होतं.

काम सोपं नव्हतं. त्या यंत्राची एकूण स्मृती बत्तीस केबी. आज मोबाइलवर येणारा लग्नपत्रिकेचा फोटोसुद्धा त्यात मावायचा नाही. प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांत बसवायचं. शिरोरेघेला एक ओळ दिली की उरतात सात, आणि त्या सातांत घ आणि ध वेगळे दिसायला हवेत. जोडाक्षरांनी तर माझा अंत पाहिला. ‘क्ष’ काही केल्या बसेना, म्हणून शेवटी ‘वृक्ष’ तोडून तिथे ‘झाड’ लावलं. शिवाय अशा संगणकाला एकेक क्रियापद शिकवावं लागतं. जे शिकवलं नाही ते टाइप केलं की तो म्हणतो, ‘समजलं नाही.’

एवढं करून मी माझी हौसही भागवली. सुरुवातीला डोंगरांचं चित्र टाकलं. वहीत वाघ नव्हता, तो मी घातला. मेळघाट आणि वाघ नाही, हे काही मला पटेना. त्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि खाली बारीक अक्षरांत ‘संगणकावर आणणारा’ म्हणून माझंही. तेवढ्यात स्मृती भरली. वहीत एक पान असं होतं की त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या पेन्सिलीची फुली होती. बरं झालं, यानंच खोडलंय, असं म्हणून मी ते पान सोडून दिलं.

एप्रिलात संगणक पिशवीत घालून अकोल्याची बस धरली. मित्राचं कृषी केंद्र आता त्याची मुलगी बघते, तो दुपारी घरीच असतो. फाटक उघडं, दारही उघडं. मी सरळ आत शिरलो, पिशवी दिवाणावर ठेवली आणि मग विचारलं, “आहेस का घरी?”

तो हात पुसत आतून आला. “आता तं आलाच तू,” म्हणाला.

टीव्हीला वायर जोडली. जुना संगणक कॅसेटवर आवाजाच्या रूपात भरलेला कार्यक्रम घ्यायचा, मी तोच आवाज संगणकाला मोबाइलमधून ऐकवला. मांजरं भांडावीत तसा तो दोन मिनिटं चालला आणि पडद्यावर मराठी अक्षरं उमटली. मित्रानं चष्मा लावला. पहिलं वाक्य दोनदा वाचलं. स्वतःचं नाव वाचलं. कळांवर मी मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, त्या शोधत एका बोटानं तो खेळू लागला. नाला ओलांडला, वाघाला पाहून नुसता हसला, आणि एका घरापाशी आला. ‘समोर कुडाचं घर आहे. दार लोटलेलं आहे.’

त्यानं टाइप केलं, ‘आवाज दे.’

समजलं नाही.

‘हाक मार.’

समजलं नाही.

“अबे, दार उघड ना,” मी म्हणालो. दम कुठला धरवतोय! “आत कंदील आहे. उचल अन् चाल पुढं.”

त्यानं कळांवरचं बोट उचललं. “दुसऱ्याच्या घरात असा काहून घुसू बे मी?”

“खेळ आहे हा.”

“हो. माहा खेळ हाय.” मग शांतपणे म्हणाला, “वही आनली का?”

मी वही काढली, ते पान उघडलं, म्हणालो, “हे तर तूच खोडलंयस.”

“मी पेनानं लिवलं, खोडलंही पेनानंच असतं. निळी पेन्सिल कोनाची होती, आठव.”

आठवलं. वडिलांची लाल-निळी पेन्सिल वर्गात एकटा मी मिरवायचो. प्रदर्शनाच्या आधी जागा करायला त्याच्या नावाबरोबर हे पानही मीच उडवलं होतं. तेव्हा मला ते पान पाल्हाळ वाटलं होतं. पानावर होतं ते असं: दारापुढे उभं राहून आवाज दिला तर आतून म्हातारी बोलावते आणि कंदील स्वतःच्या हातानं देते. न विचारता उचलून नेला, तर शेवटचा नाला उतरता येत नाही. सगळा खेळ त्या एका दारावर बेतलेला होता, आणि ते मी दोनदा कापलं. दुसऱ्यांदा तर खापरही त्याच्यावर फोडलं. मला फार लाज वाटली. माफी मागायची राहूनच गेली. वहिनींनी वाढलेलं जेवलो आणि परतीची बस धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत वही मांडीवर तशीच उघडी होती.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. प्रदर्शनाचंही, पहिल्यांदाच. ती म्हणाली, “मग पान परत लावा.” तिला नेहमीच सगळं सोपं दिसतं. स्मृतीत तीळभर जागा नव्हती. आधी डोंगर काढले. मग वाघ काढला. मेळघाटातला वाघ हलवायला सरकारला किती कागद लागतात, मला एक कळ पुरली. तरीही थोडं कमी पडत होतं. मग ‘संगणकावर आणणारा’ ही ओळ काढली. ती सगळ्यात शेवटी काढली आणि जिवावर आलं, खोटं कशाला बोलू? पण पान बसलं, वहीत होतं तसंच्या तसं. संगणकाला ‘आवाज दे’ शिकवलं आणि मी स्वतः त्या दाराशी जाऊन ते टाइप करून पाहिलं. आतून म्हातारी म्हणाली, ‘ये. आधी पानी पे, मंग सांग.’

मे महिन्यात परत अकोल्याला गेलो. रस्ते उन्हानं ओस पडले होते. त्याचं फाटक उघडं होतं, दारही उघडं होतं, आत कूलर घरघरत होता. सवयीनं एक पाय उंबऱ्याच्या आत गेलाही होता. तो मी मागे घेतला, पायरीवरून खाली उतरलो आणि पिशवी जमिनीवर ठेवली. इतक्या वर्षांत त्या दारापुढे मी कधी थांबलो नव्हतो, त्यामुळे स्वतःचाच आवाज परका वाटला.

“घरी हायेस का रे? येऊ का आत?”

कूलर बंद झाल्याचं ऐकू आलं. मग काही वेळ काहीच नाही. मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा मला थांबणं जमलं.

“ये,” आतून त्याचा आवाज आला. “आधी पानी पे, मंग सांग.”

मी चपला काढल्या, आत गेलो. त्यानं माठातलं पाणी स्वतःच्या हातानं दिलं. ते सगळं प्यालो. पिशवी अजून बाहेरच होती. मग मी सांगितलं.