सांडवा नसलेला बांध

लग्न होऊन मी पासलीला आले त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या उतारावर सरकारी बांधबंदिस्तीचं काम निघालं. दर पावसाळ्यात ओढ्याला जाणारी माती अडवायला आडवे बांध घालायचे होते. मी माती वाहायची, सासूबाई ती बांधावर चोपायच्या.

सगळ्यात वरचा बांध पुरा होत आला तशा त्या उठून मुकादमाकडे गेल्या.

"हितं सांडवा ठेवा. जादाचं पाणी जाणार कुठनं?"

"आजी, नकाशात सांडवा न्हाई," मुकादम म्हणाला आणि टेप गुंडाळू लागला.

आषाढात आठ दिवस उघडीप नव्हती. बांधामागं तळं साचलं आणि आमचं घर, गोठा, भाताची खाचरं सगळं त्याच्या खालच्या उतारावर. बांधाच्या पायथ्याशी करंगळीएवढी धार लागली होती. सासूबाई रोज सकाळी इरलं घेऊन वर जायच्या, ते पाणी ओंजळीत धरून बघायच्या.

"नितळ हाय तवर भ्या न्हाई. गढूळ आलं की समजायचं, बांध आतनं पोखरतोय."

माझ्या मालकांची नोकरी मुंबईत. घरात आम्ही दोघीच. चूल पेटवतानाही माझे कान वर असायचे.

नवव्या दिवशी त्यांनी ओंजळ माझ्यापुढं धरली. पाणी चहासारखं तांबडं होतं. धार मनगटाएवढी झाली होती.

"गुरं सोड. आळीत सांग, कुदळी घेऊन या म्हणावं."

सात-आठ माणसं धावत आली. बांधाचं एक टोक कातळाला टेकलं होतं. तिथंच आम्ही खणायला लागलो. पायाखालची माती हलत होती. कातळावरून पाणी एकदाचं सुटलं, तळं निम्म्यावर आलं, आणि तेवढ्यात बांधाचा मधला भाग काही आवाज न करता खाली बसला. सासूबाईंनी माझा दंड धरून मला मागं ओढलं.

घर राहिलं, गोठा राहिला. खालची दोन खाचरं मात्र लावलेल्या भातासकट दगडगोट्यांखाली गेली.

दिवाळीनंतर मुकादम परत आला. त्यानं टेप उलगडला. मग म्हणाला, "आजी, सांडवा कुठं काढू?"

सासूबाईंनी त्याला जागा दाखवली. खचलेला भाग भरून दगडी सांडवा झाला, बांध टिकला. पण त्या दोन खाचरांतले दगड आम्ही वेचतच राहिलो, आणि दर पावसाळ्यात मातीखालून नवे वर यायचे. तिथं भात लावलेलं सासूबाईंना काही बघायला मिळालं नाही.