दाराशी मिळणारा हशा

नट म्हणून मी आयुष्यभर एक गोष्ट छातीठोकपणे सांगत आलो: माझी पाठ बोलते. पुरावाही होता. ज्या नाटकाने मला नाव दिलं, त्यात म्हातारा सासरा सुनेशी भांडून घर सोडायला निघतो. पिशवी घेऊन मागच्या दाराशी पोचतो, सुनेकडे आणि प्रेक्षकांकडे पाठ करून थांबतो. मनात तीन आकडे मोजायचे आणि वळायचं. मी तिसऱ्या आकड्यावर पोचायच्या आत थिएटर हसायचं. मग मी मुकाट्याने परत येऊन टेबलाशी चहा प्यायला बसायचो. ठाण्यापासून कोकणातल्या गावोगावच्या दौऱ्यांपर्यंत तो हशा कधी चुकला नाही. शिबिरांत मी पाठीच्या अभिनयावर तासभर बोलायचो, कुणी अडवायचं नाही म्हणून.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले, नवं पाठांतर दगा द्यायला लागलं आणि मी दिग्दर्शक झालो. हल्लीच तेच नाटक पुन्हा काढायचं ठरलं. जुनं सगळं मला तोंडपाठ होतं, त्यामुळे जसंच्या तसं बसवायला घेतलं. कळव्यात एका शाळेच्या हॉलमध्ये तालमी सुरू झाल्या. माझ्या भूमिकेला घोडबंदर रोडवरच्या ऑफिसात नोकरी करणारा, चाळिशी ओलांडलेला नट घेतला. ट्रॅफिकला शिव्या घालत उशिरा यायचा, पण आला की जीव ओतायचा. आजवर त्याने शेजारी, पोस्टमन, इन्स्पेक्टर असलीच चिल्लर कामं केली होती. मुख्य भूमिका ही पहिलीच.

ठाण्यातल्या पहिल्या प्रयोगाला तो दाराशी थांबला. मी मागच्या रांगेत कान टवकारून बसलेलो. कुणीतरी खोकलं, एवढंच. डोंबिवलीलाही तेच, फक्त खोकला दुसऱ्या बाजूने आला. निर्माता त्या नटासमोरच मला म्हणाला, "रविवारी कल्याणला पण असंच झालं ना, तर ते काम तुम्हीच करा. लोक तुम्हालाच बघायला येतात."

"सर, माझं काय चुकतंय ते तरी सांगा ना," नट म्हणाला. चेहरा पार उतरला होता त्याचा.

मला सांगता येईना. निर्मात्याच्या बोलण्याने मनात गुदगुल्या झाल्या, हे नाकारत नाही. पण कुतूहल त्याहून मोठं होतं. याची पाठ माझ्यापेक्षा रुंद, थांबणं चोख, मग हशा जातो कुठे? मी त्याला खांदे पाडायला लावले, पिशवी या हातातून त्या हातात द्यायला लावली. एकदा तर त्याला बाजूला करून स्वतः दाराशी उभा राहिलो. तालमीतलं कुणीही हसलं नाही.

मग कोपरला गेलो. आमच्या वेळी सुनेचं काम करणारी बाई तिथे राहते. रंगभूमी सोडून तिला बरीच वर्षं झाली. ती चिरण्याआधी भेंडी पुसत बसली होती. माझं गाऱ्हाणं ऐकून तिने एकच विचारलं, "टेबलावर कप किती ठेवता?"

"दोन. पूर्वीसारखेच."

"पडदा उघडल्यापासून दोन?"

"हो. का?"

हातातलं फडकं टाकून ती हसत सुटली. "अहो, पूर्वी एकच असायचा. माझा! तुम्ही तणतणत दाराशी जाऊन उभे राहिलात की मी मान वर न करता फडताळातून दुसरा कप काढायचे आणि माझ्यातला अर्धा चहा त्यात ओतायचे."

मी आठवून पाहिलं. वळल्यावर मला दोन कप दिसायचे. भांडणाचे संवाद डोक्यात असताना आधी किती होते हे कोण बघतो? म्हणून दिग्दर्शक झाल्यावर मीच दोन कप मांडायला सांगितले होते.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"पडदा ओढणाऱ्यालासुद्धा."

"मग मलाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही चोरून मागे बघितलं असतं."

मला रागच आला. खरंच बघितलं असतं, म्हणून जास्त आला. इतके दौरे, इतके सत्कार, आणि ही बाई विंगेत शेजारी उभी राहून माझ्या पाठीचं कौतुक ऐकत होती. "म्हणजे माझी पाठ काहीच करत नव्हती?" मी चिडून विचारलं.

"असं कसं? तुम्ही पाठ फिरवल्याशिवाय मी कप काढू कधी?"

मी म्हटलं, करून दाखवा. तिने भेंडी बाजूला सरकवली, एक कप समोर घेतला आणि मी दाराशी उभा आहे असं धरून, न बघता, सावकाश दुसरा कप पुढे ओढला. म्हातारा कुठेही जाणार नाही, हे त्या सुनेला किती आधीपासून ठाऊक होतं! मी खो खो हसलो. इतक्या वर्षांत तो प्रसंग मी पहिल्यांदाच पाहत होतो.

कल्याणच्या प्रयोगाला एकच कप मांडायला लावला. सुनेचं काम करणाऱ्या मुलीला तेवढं बाजूला घेऊन सांगितलं, नटाला नाही. तो दाराशी थांबला आणि असा हशा उसळला की बिचारा आकडे विसरला. पडदा पडल्यावर धावत आला. डोळ्यांत पाणी. "सर, आज जरा सावकाश मोजलं. तेच चुकत होतं बघा!"

"तेच," मी म्हणालो. निर्माता त्याच्या पाठीवर थाप मारत होता.

मी बाहेर येऊन कोपरला फोन लावला.

"आला का हशा?"

"आला. आपल्यापेक्षा मोठा."

ती म्हणाली, "म्हणजे पोरगी चांगली आहे."