सूतभरही फरक नाही

मांडवीला हवापालटासाठी येणाऱ्यांचे जुने बंगले आहेत. त्यातला एक परवा पाडत होते. फुटलेल्या जांभ्याचा ओलसर, लोखंडी वास आला आणि मी चाळीसेक वर्षं मागे जाऊन त्याच बंगल्याच्या ओसरीवर उभा राहिलो.

तेव्हा पुण्याची सुमेधा या बंगल्यांचे नकाशे काढायला आली होती. मी मोजायची फीत धरून आकडे सांगायचो, मुद्दाम चुकीचे. मग तिला दुसऱ्या दिवशी परत मोजायला यावं लागे.

"तुमच्याकडच्या भिंती रात्रीत वाढतात वाटतं," ती म्हणायची.

"खाऱ्या वाऱ्यानं फुगतात हो."

शेवटी समुद्राकडची एक खिडकी राहिली. तिच्या रंगीत काचेतला हिरवा उजेड सुमेधाच्या गालावर पडला होता. एकदा तरी हिच्यासमोर शहाणं दिसावं, म्हणून मी नीट मोजून अगदी बरोबर आकडा सांगितला.

तिनं तो लिहिला नाही. "उद्या परत मोजायला यायचं का?" तिनं हळूच विचारलं.

"छे, आता सूतभरही फरक निघायचा नाही," मी छाती फुगवून म्हणालो.

तिनं आकडा लिहिला आणि संध्याकाळच्या एसटीनं ती गेली. गाडी हातखंब्याचा फाटा ओलांडून घाटाला लागली असेल, तेव्हा कुठे मला तिचा प्रश्न कळला.