करंगळीएवढा अण्णा

आमच्या घरात पोळपाट दोन. एक पोळ्यांचा, एक सैनिकांचा. दुसराही मुळात माझाच, लग्नात आईने दिलेला. पण ह्यांनी एकदा त्यावर पुट्टी लाटली, नळ गळला की प्लंबर लावतो तसली, दोन रंगांच्या वड्या मळून एक करायची. मग तो कसला स्वयंपाकघरात परत येतोय! सुया गेल्या, दातकोरणी गेली, नेलपॉलिशचा ब्रश गेला. "अहो, माझी कात्री कुठाय?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "स्वल्प थांब, ह्याचा हात व्हायचाय."

हे म्हणजे रघुपती, माझे यजमान. चौतीस वर्षं इथे कानडी मुलखात, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढली. दिवसभर मायक्रोमीटर हातात आणि राजाजीनगरला घरी आले की तेच हात सैनिकांवर. सैनिक प्लास्टिकचे, माझ्या करंगळीएवढे. परदेशी खोक्यातून येतात ते सगळे गोरे, हेल्मेटवाले, बंदूक रोखलेले. ह्यांना तसे चालत नाहीत. हे त्याला कमरेत करवतीने कापणार, पोटात बारीक भोक पाडून तार घालणार, धड जरा वळवून पुन्हा बसवणार आणि बंदूक काढून हातात कुदळ देणार. फटी पुट्टीने भरायच्या, सुईने शर्टाच्या चुण्या काढायच्या, नाक कानशीने घासून आपल्याकडचं करायचं. असे पाच-दहा जण एका फळीवर नदी, चिखल, झाडं करून मांडले की झाला एक देखावा.

मी कुरकुर करायची, पण खरं सांगते, ते दिवस मला फार आठवतात. रविवारी सकाळी स्कूटरवरून आमच्या इथलं शिवाजीनगर. मार्च आला तरी स्वेटर लागायचा. तेव्हा कँटोन्मेंटमधली जुनी अँग्लो-इंडियन कुटुंबं ऑस्ट्रेलियाला निघायची आणि त्यांच्या घरातलं सामान तिथल्या जुन्या बाजारात यायचं. अर्धवट जोडलेली विमानं, पाय मोडलेले सैनिक. हे टोपलीपुढे उकिडवे बसून तास तासभर एकेक उचलून बघायचे. टोपलीवाला ह्यांना ओळखायचा. "बन्नी, या अण्णा, मुंडक्यांचा डबा बाजूला ठेवलाय," म्हणायचा. मी पलीकडे रिबिनी आणि बटणं बघत फिरायची. मग दोघांत एक सामोसा आणि दोन चहा. आता ते टोपलीवाले नाहीत, स्कूटर नाही, आणि डॉक्टरांनी सामोसाही बंद केलाय.

ह्यांचा नियम एकच. फोटोत असेल तेच करायचं. कुणाचा बूट फाटका दिसला तर फाटकाच. मी एकदा म्हटलं, ह्या बिचाऱ्याला थंडी वाजत असेल, मफलर घाला. तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "फोटो आहे?"

माझाही एक नियम होता. माझ्या भावाला त्या फळीवर आणायचं नाही.

श्रीरंग माझा थोरला भाऊ. मी त्याला अण्णा म्हणायची. कॉलेज सोडून फौजेत गेला, सॅपर झाला, म्हणजे सैन्यासाठी पूल आणि रस्ते बांधणारा. एकाहत्तरच्या डिसेंबरात एका नदीवर पूल टाकताना सुरुंग फुटला आणि तो गेला. मी नऊ वर्षांची. त्याची बायको, श्यामलावैनी, वीस वर्षांची, लग्नाला अकरा महिने झालेले. महिन्याभराने त्याची ट्रंक घरी आली. तिला कुलूप होतं, किल्ली नव्हती. बाबांनी हातोड्याने कुलूप फोडलं, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आत कपडे होते आणि कॅमेऱ्याची एक फिल्म. बाबांनी शिवाजीनगरच्या एका स्टुडिओतून तिच्यातला एक फोटो मोठा करून आणला. नदीकाठी पाच जण. अण्णा मधे, उघडा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात चहाचा मग, हसतोय. आईने त्या फोटोकडे कधी मान वर करून पाहिलं नाही. बाबा त्याच्याकडे पाठ करून बसायचे. वैनी मात्र रोज हार घालायच्या आणि थांबून बघायच्या, नीट ओळख पटत नसल्यासारख्या. मला वाटायचं, दुःखाने माणूस असाच बघत असेल.

वैनींनी पुन्हा लग्न केलं नाही. शाळेत शिकवलं, माझ्या आई-बाबांचं शेवटपर्यंत केलं. यंदा गुडघे अगदीच गेले आणि भाच्याकडे नागपूरला कायमचं जायचं ठरलं. निघायच्या महिनाभर आधी आमच्याकडे जेवायला आल्या. ताक पिता पिता म्हणाल्या, "रघुपतीराव, इतकी माणसं उभी केलीत. मी जायच्या आधी आमच्या ह्यांना एकदा उभं करून द्याल?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. मग म्हटलं, "सरी, बरं. करा."

हात धुताना वैनी हळूच मला म्हणाल्या, "डोळे मिटले की त्यांचा चेहरा येत नाही गं पद्मा. फोटो येतो. तिकडे परक्या गावी तो फोटोच तेवढा घेऊन जायचा, ह्याची मला भीती वाटते."

हे त्या दिवसापासून खुर्चीला चिकटले. वैनींनी भिंतीवरचा फोटो त्यासाठी आमच्याकडे आणून ठेवला होता. ह्यांनी सत्तरी गाठलीय, हाताला थोडा कंप आहे. तरी भिंग लावून पाचही जण केले, नदी केली, होडी केली. अण्णाच्या छातीवर फोटोत एक पुसट रेघ आहे. इतक्या वर्षांत ती कुणाच्या डोळ्यांत भरली नव्हती, ह्यांच्या भरली. विजेच्या वायरमधली केसाएवढी तांब्याची तार काढून त्यांनी त्याचं जानवं केलं. सोमवारी वैनींची गाडी होती. बुधवारी अण्णा तयार झाला.

मी कॉफी घेऊन गेले. ह्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मी पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "अहो, हा चहा पितोय की श्राद्ध करतोय? जानवं उजव्या खांद्यावर?"

जानवं डाव्या खांद्यावर असतं. उजव्यावर घेतात ते पितरांच्या कार्यात, भटजी 'अपसव्य' म्हणाले की. ह्यांनी स्वतः दरवर्षी घेतलंय. पण सैनिक समोर असला की ह्यांना स्वतःच्या खांद्याचीही आठवण राहत नाही.

"फोटोत तसंच आहे," हे म्हणाले.

"मग फोटो चुकलाय."

"फोटो कसा चुकेल?" चिडलेच. भिंग ओढून घेतलं आणि फोटोवर वाकले. कॉफीवर साय आली. मग म्हणाले, "मागच्या दोघांची घड्याळं उजव्या मनगटावर आहेत. मी हे पाहिलं होतं, पद्मा. वाटलं, हातोडा मारताना काच फुटू नये म्हणून तशी बांधत असतील." आणि भिंग खाली ठेवलं. "स्टुडिओवाल्याने फिल्म पालथी घालून छापलाय फोटो. डावं ते सगळं उजवं झालंय."

मी आतून छोटा आरसा आणला आणि फोटोसमोर धरला. आरशात माझा अण्णा होता. भांग डावीकडे, मान तिकडे झुकलेली, मला सायकलच्या दांड्यावर बसवून नेताना झुकायची तशी. चोपन्न वर्षं आम्ही त्याला उलटा टांगून ठेवला होता. मी तिथेच खाली बसले आणि खूप रडले.

हे मला समजवायला आले नाहीत. करवत घेतली आणि तीन आठवड्यांचं काम कापायला बसले. "बाकीचे चौघे राहू देत, वेळ नाही," म्हणाले. "श्रीरंगला तेवढा सरळ करतो." दोन्ही हात कापले, चहाचा मग दुसऱ्या हातात गेला, मुंडकं काढून दुसरीकडे झुकवलं, केस खरवडून नवे केले, जानवं डाव्या खांद्यावर आलं. ह्यांच्या हाताला कंप सुटला की मी चिमट्याने अण्णाला धरून ठेवायची. इतक्या वर्षांच्या संसारात त्या टेबलाशी मी पहिल्यांदा बसले.

रविवारी सकाळी वैनी आल्या. त्यांना आधी काही सांगायचं नाही, असं ह्यांनी मला बजावलं होतं. खिडकीशी बसवलं, फळी समोर ठेवली, भिंग दिलं. त्या बघत राहिल्या. भिंग अण्णावरून हलेना.

"हे फोटोतले नाहीत," शेवटी म्हणाल्या.

ह्यांचा चेहरा उतरला.

"फोटोतले नाहीत," वैनी पुन्हा म्हणाल्या. "हे ते आहेत. तुम्ही तर त्यांना कधी पाहिलं नाही, रघुपतीराव. हे कुठून आणलंत?"

मग मी सगळं सांगितलं. फिल्म, घड्याळं, आरसा. वैनींनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तो फोटो घरी आला त्या दिवसापासून मला त्यातला माणूस परका वाटायचा. कुणाला सांगणार? नवऱ्याला ओळखत नाही म्हणतील. अकराच महिन्यांचा संसार, मला वाटलं, मीच विसरले. रोज हार घालताना मी स्वतःलाच बोल लावायची गं." त्यांचे डोळे कोरडे होते. रडत मीच होते.

त्यांनी पुन्हा भिंग उचललं. "फक्त किल्ली नाही."

"कसली किल्ली?" मी विचारलं.

"जानव्याला असायची. ट्रंकेची. अंघोळीलासुद्धा काढायचे नाहीत. कुशीवर वळले की मला टोचायची."

मला बाबांचा हातोडा आठवला. ती किल्ली कुठे गेली ते घरात कुणालाच कधी कळलं नव्हतं. एका वैनींना माहीत होतं, आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, आता विचारतील, फोटो आहे का. पण ह्यांनी तारेचा एक तुकडा कापला, भिंगाखाली धरला आणि चिमट्याने वाकवायला लागले. तिळाएवढी किल्ली झाली तेव्हा म्हणाले, "कुठे लावू, वैनी?"

"उजव्या कमरेला," वैनी म्हणाल्या. "अजून स्वल्प खाली."