फुकटवालं पुरत नाही

कोपरीतल्या मेडिकलबाहेरच्या बाकावर एक अंध काका दर रविवारी गोळ्यांची एकेक स्ट्रिप फोनसमोर धरायचे. फोन नाव वाचून दाखवायचा, मग काका ती चाचपून सकाळच्या किंवा रात्रीच्या डबीत ठेवायचे. फोनमधल्या त्या एआयला ते दरमहा पैसे भरतात असं कळलं. पैसे वाया गेलेले मला बघवत नाहीत, दुसऱ्याचेही.

"फुकटवालं नाही का चालत?"

"चार-पाच प्रश्नांनंतर थांबतं ते."

"मग मला विचारा की. मी असतोच इथे."

त्यांनी लगेच फोन खिशात ठेवला. मी वाचत गेलो. एक स्ट्रिप त्यांनी तिसऱ्यांदा पुढे केली.

"ही कुठली म्हणालात?"

"अहो, सांगितलं ना आत्ता!"

काका चिडले नाहीत. फोन बाहेर काढत म्हणाले, "हा असं म्हणत नाही. त्याचेच पैसे भरतो."