नाणेघाटाची ट्रायल

नवाबला मी पहिल्यांदा पाहिलं ते चिखलीत, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. गुरुवार होता, म्हणजे त्याच्या कंपनीच्या सुट्टीचा वार. जुन्या पण लख्ख पुसलेल्या गाडीत पुढच्या सीटवर त्याची बायको बसली होती. गाडी बंद. तो तिला उतरायला लावत होता, परत बसवत होता आणि सीट बोटभर मागेपुढे करत होता.

"गुडघा कुठं अडतोय का?"

"गुडघा नाही अडत. तुम्ही अडताय." मग मला पाहून ती हसली. "या बाई, आमची सहल निघालीय. पार्किंगपर्यंत!"

ही गौहर. तिच्यामुळेच पुढे त्या घराशी माझं जाणंयेणं झालं.

नवाब चाकणच्या एका मोटार कंपनीत नव्या गाड्यांची ट्रायल घ्यायचा. कुंपणाच्या आत मुद्दाम केलेले खड्डे, चढ आणि वळणं होती, त्यांवरून दिवसभर गाडी फिरवायची. आधी रिकामी, मग माणसांच्या जागी वाळूच्या गोण्या ठेवून. त्यात सगळं ठीक निघालं की मगच माणसं बसायची. इतकी वर्षं गाडी चालवून तो लांब असा कुठे गेलाच नव्हता.

गौहर जुन्नरची. शिवनेरी तिच्या माहेरच्या ओट्यावरून दिसायचा, आणि रोज दिसतो म्हणून तिला कुणी वर नेलं नव्हतं. नाणेघाटही असाच राहिला. मुलगा नुमान लग्नानंतर मोशीला राहायला गेला, तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, आता मला फिरवा. शिवनेरी, नाणेघाट, मग नगरचा किल्ला, दौलताबाद आणि शेवटी बीबीचा मकबरा. मी इतिहास शिकवलेला, म्हणून ती मला विचारायला यायची. "नाणेघाटात जकातीचा दगडी रांजण आहे म्हणतात. केवढा असेल हो?" मी हातांनी दाखवायची. ती माझे हात धरून आणखी लांब करायची.

तिच्या छातीत दुखायचं. डॉक्टर म्हणाले होते, जपून राहा, आणि फिरायचं ते आत्ताच फिरून घ्या. गौहरनं त्यातलं 'आत्ता' तेवढं ऐकलं, नवाबनं 'जपून'.

ट्रायल न घेतलेल्या रस्त्यावर तिला न्यायचं त्याच्या मनाला पटेना. एका गुरुवारी भाचा आरिफला घेऊन तो जुन्नरपर्यंत जाऊन आला. पायऱ्या तिला झेपणार नाहीत, किल्ला खालून बघायचा, असं ठरलं. मग नाणेघाटाच्या वाटेवर, घाटघरच्या चढावर धुकं फार, म्हणून पावसाळा गेला. पाऊस संपल्यावर त्यानं पुढच्या सीटवर तिच्या वजनाची गोणी बांधली आणि नाणेघाटात जाऊन आला.

हे तो माझ्या स्वयंपाकघरात सांगत होता. गौहर चहा घेत बसली होती.

"गोणीनं रांजण बघितला का?"

"चेष्टा नको करूस. वळणावर गोणी कलली. तुला त्रास झाला असता."

"गोणी मुकी असते, म्हणून कलली. मी बोलले असते, हळू घ्या जरा!"

"स्प्रिंगचं काम करून घेतो. पुढच्या गुरुवारी नक्की."

"तुमचे गुरुवार संपायचे नाहीत, नुमानचे अब्बा. माझे संपतील."

आम्ही तिघंही हसलो. पण तिनं उरलेला चहा घेतला नाही.

स्प्रिंगचं काम झालं. नंतर टायर बदलले. डिसेंबरातला एक गुरुवार पक्का झाला. गौहरनं सीटला नवे अभ्रे शिवले, सुनेनं, रुबीनानं, चकल्या करून पाठवल्या. आदल्या दिवशी दुपारी गौहर अभ्रे चढवायला खाली गेली आणि गाडीच्या दाराशीच कोसळली. वॉचमननं मला हाक मारली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. नवाब चाकणहून कंपनीच्या कपड्यांतच आला. काय झालं ते त्याला सांगावं लागलं नाही.

तिला जुन्नरला माहेरच्या कब्रस्तानात न्यायचं, असं तिच्या भावांनी ठरवलं. ॲम्ब्युलन्समध्ये नुमान मागे बसला होता, नवाब पुढे ड्रायव्हरशेजारी. पुढचं मला नुमाननं सांगितलं. सगळ्या रस्त्यानं नवाब हलक्या आवाजात सांगत होता, "भाऊ, पुढं गतिरोधक आहे, पट्टे पुसलेत, दिसत नाही. हळू." थोडं गेलं की, "डावीकडून घ्या. इथं गाडी आदळते."

नारायणगावच्या पुढे ड्रायव्हरनं विचारलं, "चाचा, या रस्त्यानं रोज येता का?"

"नाही," नवाब म्हणाला. "बायकोला आणायचं होतं."

मार्चमध्ये तो निवृत्त झाला. गाडी त्यानं आरिफला देऊन टाकली. आता तो मोशीला नुमानकडे राहतो आणि भोसरीत आरिफच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसतो. बसनं जातो, बसनंच येतो.