शेऱ्याचा रकाना

भाजक्या सुपारीचा वास आला की मी अजून उठून दुसरीकडे जाऊन बसतो. आमच्या समाजाच्या वधूवर मंडळाचे चिटणीस ती दिवसभर चघळायचे आणि चघळता चघळता बोलायचे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. गंगापूर रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचो आणि चार ओळींचा प्रोग्राम चालला तरी हवेत असायचो. मंडळाच्या मेळाव्याची पुस्तिका निघणार होती. स्थळांची माहिती साध्या मजकुरात टाइप करून ठेवलेली होती. दर ओळीत आधी मथळा, मग दोन टिंबं, मग माहिती. चिटणीसांना ती सगळी बारा रकान्यांच्या तक्त्यात हवी होती. मी म्हटलं, डाव्या हातचा मळ आहे काका.

कसला मळ! प्रोग्राम दोन टिंबं दिसली की ओळ तोडायचा, आणि जन्मवेळेतही तीच दोन टिंबं. त्यामुळे सात-चाळीसला जन्मलेल्या मुलीची चाळीस मिनिटं पुढच्या उंचीच्या रकान्यात जाऊन बसायची. ते निस्तरण्यात तीन दिवस गेले, आणि निस्तरल्यावर मी स्वतःलाच शाबासकी दिली.

चिटणीस दुपारी यायचे, खुर्ची ओढून अगदी खांद्याला खांदा लावून बसायचे.

"आपल्या बारा रकान्यांत नसलेला मथळा सरळ गाळून टाक. लोक अटी-बिटी लिहितात. नुसतं पान भरतं."

मी गाळला. मग त्यांनी शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यावर बोट टेकवलं. "घटस्फोटित मुलगा असेल तर इथं 'निर्दोष' आलं पाहिजे. मुलगी असेल तर 'तडजोडीस तयार'."

"त्यांना विचारायचं नाही?"

"अरे, त्यात काय विचारायचं."

सुपारीचा ओला तुकडा कीबोर्डवर उडाला. तो मी रुमालाने पुसला आणि सांगितलं तसं लिहून दिलं. मला त्या माणसाची किळस येत होती, पण त्याला प्रोग्राम लिहिता येत नव्हता. मला येत होता.

त्या नोंदींत एक माझ्या थोरल्या बहिणीची होती. नवऱ्याचा मार खाऊन ताई चार वर्षांच्या मुलीला घेऊन परत आली होती आणि आमच्या मळ्यातली शेवंती तोडून बाजारात नेत होती. तिची नोंद मीच टाइप केली. शिक्षण, उंची, रास तिने उभ्या उभ्या सांगून टाकली. एक ओळ मात्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. 'अट: मुलगी माझ्याजवळच राहील.'

मेळाव्याला ताई मुलीला घेऊनच आली. सायखेड्याकडच्या एका मुलाची आई पुस्तिका हातात धरून तिला शोधत आली. बाई तशी गोडच बोलत होती.

"पोरीला आजोळीच ठेवशील ना गं? तडजोडीला तयार हाय असं लिहिलंय, म्हणून आलो. बाकी आमचं काय म्हननं नाय."

भाची ताईची ओढणी धरून उभी होती. आजोळ म्हणजे काय हे तिला चांगलं कळत होतं. तिने ओढणी दोन्ही हातांनी धरली.

ताईने बाईच्या हातातली पुस्तिका घेतली, आपली ओळ शोधली, बोट शेवटच्या रकान्यापर्यंत नेलं. मग मुलीला कडेवर घेऊन माझ्यापाशी आली.

"माझी अट कुठंय?"

"तसा रकाना नव्हता."

"आणि हे कोणी लिहिलं?"

"चिटणीसांनी सांगितलं होतं. सगळ्यांनाच तसं टाकलंय."

"छापायच्या आधी तू वाचलं नव्हतंस?"

"वाचलं होतं," मी म्हणालो.

ती मुलीला घेऊन मंडपाबाहेर निघून गेली. तिची ओळ मी छापायच्या आधी एकदा नाही, तीनदा बघितली होती. जन्मवेळ जागेवर, उंची जागेवर, बाराही रकाने एका रेषेत. किती बरं वाटलं होतं मला.